आईचे मणी आणि रुप्याचा भाव

सन 2025 सालीं, दिवाळीच्या सुमारास, भोकरदन तालुक्यांतील एका तरुणानें मला वाटेंत थांबवून विचारलें, "पाळकसाहेब, आईच्या गळ्यांतले सोन्याचे मणी मोडून चांदी घ्यावी काय? तिचा भाव सोन्याहून भराभर चढतो आहे." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. त्या वर्षीं सोनें चढलें आणि रुपें त्याहूनही अधिक चढलें. तरी उत्तर देण्यास मी कचरलों.

रुप्याचा स्वभाव चंचल आहे. तें बहुतेक शिसें, जस्त, तांबें यांच्या खाणींतून जोडीनें निघतें आणि त्याचा मोठा भाग सौर पत्रे व विजेचीं उपकरणें यांत खर्च होतो. म्हणून कारखान्यांच्या भरभराटीबरोबर तें चढतें व मंदीबरोबर पडतें. निरनिराळ्या देशांच्या मध्यवर्ती बँका सोनें सांठवितात, रुपें सहसा नाहीं. एका तोळा सोन्यास 1870 च्या सुमारास साडेपंधरा तोळे रुपें पडे. सन 2011 त कांहीं काळ तें प्रमाण तिसांच्या जवळपास होतें, आणि मार्च 2020 मध्यें शंभराच्याही पुढें गेलें. सन 1980 च्या जानेवारींत अमेरिकेंत रुप्याचा भाव औंसास पन्नास डॉलरांपर्यंत चढला आणि मार्च संपण्यापूर्वी त्याच्या पावपटीच्याही खालीं आला. प्लॅटिनमविषयीं बोलण्याचें कारण नाहीं. आपल्या आठवडे बाजारांत तें घेणारा भेटत नाहीं.

पण मला आठवण झाली ती आणखी जुन्या गोष्टीची. पूर्वीं कोणीही आपलें रुपें मुंबईच्या अथवा कलकत्त्याच्या टांकसाळींत नेऊन, थोडें शुल्क भरून, त्याचे रुपये पाडून घेऊं शके. म्हणून बायकांचे तोडे, वाळे, सरी हे जणूं अंगावर घातलेले रुपयेच होते. 26 जून 1893 रोजीं सरकारनें ती वाट बंद केली. पुढें रुपयाची किंमत राखली गेली, परंतु तोड्यांची उतरली. तीनच वर्षांनीं दुष्काळ पडला आणि 1899-1900 सालीं त्याहून भयंकर दुष्काळ आला. आपला मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत असला, तरी मोडीच्या रुप्याचा भाव मुंबईहून वेगळा कोठून राहणार? ज्यांनीं पोटाला चिमटा घेऊन रुपें जमविलें, त्यांनीं ऐन गरजेच्या वेळीं तें कमी किंमतीस दिलें. यांत त्यांचा अपराध कोणता? काटकसर करा, असें आम्ही व्यासपीठावरून सांगतों. पण तिचें फळ कोणी दूर देशींचा अधिकारी एका हुकुमानें हलकें करूं शकतो, हें सांगावयास विसरतों.

आज भाव मोबाईलवर सर्वांस दिसतो. तरी घडणावळ परत मिळत नाहीं आणि घट किती धरावयाची तें सराफ ठरवितो; ज्याला उद्यांच बियाणें आणावयाचें आहे, तो त्याच्याशीं कितीसा वाद घालणार?

शेवटीं मी त्या तरुणास एवढेंच विचारलें, "आईला विचारलें काय?" तो गप्प राहिला. लाभ झाला तर शहाणपण त्याचें, आणि तोटा झाला तर गळा तिचा मोकळा, हें त्याच्या ध्यानीं आलें नव्हतें. आम्ही दोघे त्याच्या घरीं गेलों. माउली तूर निवडीत बसली होती. सन 2012 च्या अवर्षणांत तेच मणी गहाण ठेवून तिनें बैलांस कडबा घेतला होता आणि दोन वर्षांनीं कापसाच्या पैशांतून ते सोडविले होते. तेवढ्या रकमेचें रुपें नेलें असतें तर डोक्यावरून गाठोडें न्यावें लागलें असतें व साऱ्या गांवानें पाहिलें असतें, असें ती हंसत म्हणाली.

पुढें त्या तरुणानें स्वतःच्या मजुरींतून दहा तोळे चांदी घेतली. मणी आईच्या गळ्यांतच आहेत.