एकाच पापाचीं दोन मापें

ज्या पापास दोघे कारण झाले, त्याचा दंड एकट्या स्त्रीनेंच कां भरावा? हा प्रश्न फार जुना आहे. अमेरिकेंतील प्रसिद्ध चित्रपटकर्ते डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनीं १९२० सालीं काढलेल्या 'वे डाउन ईस्ट' या मूकपटांत तो मोठ्या कळकळीनें मांडिला आहे. म्हणून त्याविषयीं आम्ही चार शब्द लिहीत आहों.

अ‍ॅना मूर ही खेड्यांतील गरीब मुलगी. बॉस्टन शहरीं श्रीमंत नातलगांकडे साहाय्य मागावयास गेली असतां सँडरसन नांवाच्या धनिक तरुणानें खोट्या लग्नाचा विधि करवून तिला फसविलें, आणि ती गरोदर आहे असें कळतांच टाकून दिलें. पुढें तिचें तान्हें मूल आजारी पडून वारलें. मरणापूर्वीं त्याचा बाप्तिस्मा तिनें आपल्याच हातांनीं केला. नंतर ती बार्टलेट नामक शेतकऱ्याच्या घरीं कामास राहिली. हा गृहस्थ पवित्र शास्त्र वाचणारा व वर्तनानें कडक. तिची पूर्वकथा कानीं येतांच त्यानें चौकशी केली व हिमवादळाच्या रात्रीं तिला घराबाहेर घातलें. त्याच वेळीं शेजारचा जमीनदार सँडरसन त्याच्या मेजावर मानाचा पाहुणा म्हणून बसला होता! अ‍ॅनानें बोट दाखवून त्याचा अपराध सांगितला, तेव्हां कोठें यजमानाचे डोळे उघडले.

नदीवरील फुटत्या बर्फावरून तिची सुटका होते, तो प्रसंग लोकांच्या अधिक स्मरणांत राहिला. परंतु आमच्या मतें खरा प्रसंग मेजावरचाच. बार्टलेट दुष्ट नव्हता. त्यानें मोलकरणीची चौकशी केली, पाहुण्याची केली नाहीं. कारण पाहुण्याची जमीन व पोशाख हींच त्याचीं शिफारसपत्रें होतीं. नियमशास्त्रांत दंड दोघांसही सांगितला असतां प्रभूपुढें व्यभिचाराच्या आरोपाखालीं एकटी स्त्रीच आणिली गेली, हें वाचकांच्या ध्यानांत असेलच.

एक गोष्ट मात्र हा चित्रपट टाळतो. अ‍ॅना फसविली गेली होती, म्हणून पाहणारा रडतो व शेवटीं बार्टलेटही तिची क्षमा मागतो. पण ती जाणूनबुजून चुकली असती, तर तिला हिमांत घालविणें योग्य ठरलें असतें काय? निर्दोष माणसास घरांत घेणें हा केवळ न्याय झाला. दयेची गरज खरोखर चुकलेल्यास असते.

यास्तव मंडळीपुढें असें प्रकरण आलें असतां पंचांनीं प्रथम दुसरा अपराधी कोण हें विचारावें, आणि तो गांवांतला थोर निघाला तरी त्यास तोच नियम लावावा. तसेंच दंड ठरविल्यावर त्या स्त्रीस भाकर व निवारा कोठें मिळेल, हेंही त्याच बैठकींत ठरवावें.