हजेरीपटावरचा अंगठा

रोजगार हमीच्या कामावरचा हजेरीपट महाराष्ट्राला नवा नाही. नाव, गाव, कामाचे दिवस, मजुरी आणि शेवटच्या रकान्यात अंगठा. ज्याचा अंगठा, त्याला पुष्कळदा वरची ओळ वाचता येत नसे. हातावर पडतील तेवढे पैसे घ्यायचे आणि घर गाठायचं.

राजस्थानात १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने नेमका हाच कागद मागितला. किमान वेतन मागायला गेलेल्या मजुरांना उत्तर मिळे, ‘दप्तरी तुमचं तेवढं काम दिसत नाही.’ मग ते दप्तरच दाखवा, असं मजूर म्हणू लागले. २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना गावात पहिली जनसुनवाई झाली. अशा सुनावण्यांत हजेरीपट मोठ्याने वाचला जाई. कधी मेलेल्या माणसाच्या नावापुढे मजुरी निघे, तर कधी कामावर पाऊलही न टाकलेल्याच्या. ज्यांची नावं घेतली जात, ती माणसं किंवा त्यांचे शेजारी समोरच बसलेले असत. वर्षानुवर्षं कपाटात खरा ठरलेला कागद गावासमोर क्षणात खोटा पडे.

कागदांच्या प्रती मिळाव्यात म्हणून १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं चाललं. पुढे २००५ साली देशाला माहितीचा अधिकार मिळाला, त्यामागे या मजुरांचा मोठा वाटा आहे.

नोंद ठेवली म्हणजे न्याय झाला, असं नाही. खोटी नोंद अन्यायावर सरकारी शिक्का मारते, आणि नोंदच नसली तर पीडिताला आपलं दुःखसुद्धा शाबीत करता येत नाही. म्हणून नोंद खरी हवी, जपलेली हवी आणि तिच्यात ज्याचं नाव आहे त्याला ती पाहता यायला हवी. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ दप्तर सूचीसह नीट लावून ठेवणं हे सरकारी कार्यालयाचं कर्तव्यच मानतं. ‘फाइल सापडत नाही’ हे वाक्य त्यामुळे निरुपद्रवी नाही. त्या फाइलबरोबर कुणाची तरी जमीन, मजुरी किंवा कोठडीतल्या मृत्यूचा जाब हरवलेला असतो.

रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावासमोर हिशेबाची तपासणी, ग्रामसभेने करावं, असं त्या हमीचाच कायदा सांगतो. पुढच्या ग्रामसभेला जा. हजेरीपट मागा आणि तो मोठ्याने वाचायला लावा.