वरून पाहणारा डोळा

पाहणे ही कृती आपण सहसा निरुपद्रवी मानतो. हात चोरी करतो, जीभ निंदा करते. डोळा मात्र केवळ पाहतो, असा आपला समज असतो. परंतु माणसाने स्वतःचा डोळा शरीरापासून वेगळा करून आकाशात पाठविण्याची विद्या हस्तगत केल्यापासून ह्या समजाची फेरतपासणी करणे अगत्याचे झाले आहे. ड्रोन नावाचे हे छोटे यंत्र आज लग्नमंडपावर, यात्रेवर, शेतावर आणि मोटारींच्या शर्यतींवरही घिरट्या घालताना दिसते. त्यांपैकी शर्यतीचे उदाहरण विचारासाठी घ्यावे असे मला वाटते. कारण तेथे पाहणाऱ्याचे सुख आणि ज्याला पाहिले जाते त्याचा जीव हे दोन्ही एकाच चौकटीत येतात.

आपल्या नाशिकला हा खेळ परका नाही. राष्ट्रीय रॅली अजिंक्यपद मालिकेतील ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही फेरी ह्या परिसरातील रस्त्यांवर झालेली आहे. मातीच्या मार्गावर दुचाकींच्या शर्यतीही येथे भरल्या आहेत. रॅली ह्या प्रकाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. तिच्यात गाड्या एकमेकींशेजारी धावत नाहीत. वाहतुकीस बंद केलेल्या रस्त्यावर त्या ठरावीक अंतराने एकामागून एक सोडल्या जातात आणि निकाल घड्याळ देते. वळणावर तासन्‌तास उभ्या असलेल्या प्रेक्षकाला प्रत्येक गाडी काही क्षणच दिसते; मग उरतो तो धुळीचा लोट. खऱ्या अर्थाने संपूर्ण शर्यत कोणीच पाहत नाही. ती जुळविली जाते नंतर, संकलकाच्या मेजावर.

हे जुळविणे कसे घडते, हेही पाहिले पाहिजे. ड्रोन गाडीच्या मागोमाग, कधी तिच्या वरून, कधी वळणाच्या पुढे जाऊन चित्रण करतो. त्याच्या पात्यांचा आवाज एवढा असतो की खालचा ध्वनी त्याला नीट टिपता येत नाही. म्हणून चित्रफितीत ऐकू येणारी इंजिनाची गर्जना बहुधा दुसरीकडे मुद्रित करून मागाहून जोडलेली असते. दोन तासांची प्रतीक्षा कापली जाते, चार क्षण ठेवले जातात, त्यांतला एक संथ केला जातो. हे तंत्र किती पुढे गेले आहे, त्याचा दाखला २०२४ च्या फेब्रुवारीत मिळाला. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे ताशी ३५० किलोमीटरहून अधिक वेग गाठू शकणाऱ्या ड्रोनने मॅक्स व्हर्स्टॅपनच्या फॉर्म्युला वन गाडीचा पूर्ण फेरीभर पाठलाग केला. त्या यंत्राची बॅटरी सुमारे तीन मिनिटेच टिकत असे.

मग ही सारी फसवणूकच म्हणावयाची काय? असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि १९१३ साली आपला चित्रपटव्यवसाय नाशिकला आणलेल्या दादासाहेब फाळके यांनी आरंभीच्या प्रयोगांत वाटाण्याच्या अंकुराची वाढ टिपली होती. अनेक दिवसांचा काळ त्यांनी काही क्षणांत बसविला. तेथेही काळ कापला गेला होता; परंतु त्या कापण्याने अंकुराविषयी कोणतेही असत्य सांगितले गेले नाही. उलट, उघड्या डोळ्यांना जे दिसत नव्हते ते दिसू लागले. ह्यावरून असे म्हणता येईल की, गाळणे हा दोष नव्हे. प्रत्येक कथन काहीतरी गाळतेच. प्रश्न असा आहे की, जे गाळले त्यामुळे पाहणाऱ्याला वस्तू अधिक कळली की ती वस्तू केवळ त्याच्या करमणुकीची सामग्री झाली?

उंचीचा मोह येथेच नडतो. वरून पाहिले असता धूळ सुंदर दिसते, पण ती नाकातोंडात जात नाही. गाडी खेळण्यासारखी भासते. आत घामाने निथळणारा चालक आणि त्याला पुढची वळणे वाचून दाखविणारा सहचालक दिसत नाहीत. रस्त्याकडेचे घर, अंगणातली वाळवणे, धुणे धुणारी बाई, ही सारी ‘पार्श्वभूमी’ होते. त्यांची अनुमती घ्यावी हे सुचतही नाही. भारत सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनी हरित क्षेत्रात सामान्यतः ४०० फुटांपर्यंत उड्डाणाची मुभा दिली आहे. देवळालीचे तोफखाना केंद्र आणि ओझरचा विमानतळ जवळ असल्यामुळे कोठे उडवावे, ह्याचे भान नाशिककरांना विशेष ठेवावे लागते. कायदा उंचीची मर्यादा घालून देतो. नजरेची मर्यादा मात्र ज्याने त्याने स्वतःस घालून घ्यावयाची असते.

हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो अपघाताच्या क्षणी. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथे एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शर्यत थांबविली गेली नाही. प्रेक्षक एकदम बाहेर पडले तर रुग्णवाहिकांचे रस्ते अडतील, असे कारण आयोजकांनी दिले. आपल्या देशात ५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईजवळच्या धावपट्टीवर राष्ट्रीय दुचाकी शर्यतीत बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा दगावला. तेथे उरलेल्या शर्यती रद्द करण्यात आल्या. मैदानावरची शर्यत थांबते वा थांबत नाही. चित्रण मात्र पुनःपुन्हा धावत राहते. संथ करून, संगीत चढवून, तोच क्षण हजारदा दाखविता येतो.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबा’त अलिपियस नावाच्या मित्राची हकीकत सांगितली आहे. कार्थेज येथे त्याला रथांच्या शर्यतींचे वेड होते. पुढे रोममध्ये मित्रांनी त्याला ओढून द्वंद्वयुद्धांच्या रंगणात नेले. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पण गर्दीची आरोळी ऐकून ते उघडले आणि रक्त पाहताच तो त्या दृश्याचाच झाला. संत थॉमस अक्वायनस हेही खेळतमाशे पाहण्याचा सरसकट निषेध करीत नाहीत. ते पाहणे माणसाला वासनेकडे किंवा क्रौर्याकडे कलवीत असेल तर त्यात दोष आहे, असे ते मानतात. अलिपियसला निदान रंगणापर्यंत जावे लागले. आज रंगण आपल्या तळहातावर येऊन बसले आहे.

ह्या कोड्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. ते ह्याच खेळाच्या नियमांत आहे. आंतरराष्ट्रीय रॅलीच्या नियमांनुसार प्रत्येक गाडीत एक फलक असतो. त्याच्या एका बाजूस लाल अक्षरांत ‘एसओएस’, तर दुसऱ्या बाजूस हिरव्या अक्षरांत ‘ओके’ लिहिलेले असते. अपघातानंतर तातडीने वैद्यकीय मदत हवी असेल तर लाल बाजू दाखवावयाची. ती ज्या चालकाला दिसेल त्याने निरपवादपणे थांबावयाचे, मग तो विजयाच्या उंबरठ्यावर का असेना! त्याने गमावलेला वेळ त्याला न्याय्य रीतीने भरून देण्याची तरतूदही आहे. सेकंदाच्या अंशांसाठी जीव पणाला लावणाऱ्या ह्या खेळाने एवढे मान्य केले आहे की, पाहिले म्हणजे थांबले पाहिजे.

यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा दाखला येथे आठवल्यावाचून राहत नाही. याजकाने जखमीला पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोनी माणसानेही पाहिले. दृष्टी तिघांनाही सारखीच होती. फरक पडला तो पाहिल्यानंतर.

ड्रोन चालविणाऱ्याला लाल फलक सर्वांच्या आधी दिसू शकतो. त्याला हात पोहोचविता येत नाही, हे खरे. पण स्थळ कळविता येते, मदतीच्या वाहनाचा मार्ग मोकळा ठेवता येतो आणि स्वतःचे यंत्र बाजूला घेता येते. वर असल्यामुळे आपण रस्त्याबाहेरचे आहोत, हा भ्रमच आहे. डिसेंबर २०१५ मध्ये इटलीतील एका बर्फस्पर्धेत मार्सेल हिर्शर ह्या खेळाडूच्या अगदी मागे चित्रण करणारा ड्रोनच कोसळला होता, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, अपघाताचे चित्रण उपयुक्त असते. त्यावरून चौकशी होते, सुरक्षेचे उपाय सुचतात. हे मला पूर्णतया मान्य आहे. म्हणूनच ते चित्रण नष्ट करू नये. चौकशी करणाऱ्यांच्या हाती द्यावे. परंतु चौकशीला संगीताची गरज नसते. संकलकाने एक साधी कसोटी वापरून पाहावी: ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला त्याच्या आईला शेजारी बसवून ही चित्रफीत दाखविता येईल काय? उत्तर नकारार्थी असेल तर कात्री तेथेच चालवावी.

प्रेक्षक म्हणून आपणही ह्यातून सुटत नाही. संकलक कात्री कोठे चालवितो हे बव्हंशी आपल्या आवडीवरच ठरते. आपण तो क्षण पुन्हा मागितला नाही, तर त्याला तो पुन्हा दाखविण्याचे कारण उरणार नाही. लाल फलक आपल्यालाही दिसलेला असतो. आपला वेग आपण कमी करावयाचा की नाही, एवढेच ठरवावयाचे आहे.