दिवस फुकट नसतो

पुण्याच्या मंडईत शिरले की नजर आपोआप वर जाते. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या आठ बाजूंना पसरलेली दालने पाहून परगावचा माणूस अजूनही थबकतो. ही वास्तू १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने खुली झाली. तिच्यावरील खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना विरोध केला होता. एवढा पैसा आधी गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले.

सिटी चर्चमधील मिस्सा आटोपून रविवारी घरी परतताना मंडईत डोकावण्याची माझी जुनी सवय आहे. पालेभाजी घेतो ती एका ठरलेल्या मावशींकडून. पहाटे तीनला उठून त्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आणतात, उजाडताना जुड्या मांडतात आणि रात्रीपर्यंत तिथेच मांडी घालून बसतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला फडके गुंडाळलेले दिसले. “काही नाही दादा, साखर आहे ना मला, जखम लवकर भरत नाही,” असे म्हणून त्यांनी विषय संपवला. मी सुशिक्षितपणे उपदेश केला, “सरकारी दवाखाना जवळ आहे, उपचार मोफत आहेत, जात का नाही?” त्या जुडी बांधता बांधता म्हणाल्या, “औषध फुकट असतं, दादा. दिवस फुकट नसतो.”

तीन महिन्यांनी त्यांचा अंगठा काढावा लागला.

यात दोष कोणाचा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. आपली उत्तरे तयार असतात. या लोकांत अज्ञान फार, दुखणे अंगावर काढण्याची खोडच असते, सोय असूनही येत नाहीत त्याला कोण काय करणार! पण मावशी अज्ञानी नव्हत्या. आपल्याला कोणता रोग आहे आणि तो काय करतो, हे त्यांना ठाऊक होते. त्या एकदा गेल्याही होत्या. केसपेपरच्या रांगेत सकाळ गेली, तपासणीसाठी दुसऱ्या दिवशी बोलावणे आले आणि पहाटे आणलेली मेथी टोपलीत सुकून गेली. बाह्यरुग्ण विभाग सकाळी चालतो आणि भाजीचे गिऱ्हाईकही सकाळीच येते. दोन घड्याळांतील हा तंटा मिटवायचा कोणी?

याच शहराने १८९७ साली आरोग्यसेवेचे याहून उग्र रूप पाहिले आहे. प्लेगची साथ आली. सरकारने साथरोगांचा कायदा केला आणि रँडसाहेबांच्या अधिकाराखाली गोरे सोजीर घराघरांत घुसून रोगी शोधू लागले. साथ रोखण्याचा हेतू खोटा नव्हता, पण देवघर, माजघर, बायकामाणसांची अब्रू यांची पर्वा राहिली नाही. लोक रोगी लपवू लागले. पुढे २२ जून रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्या दिवसांत पुण्यात सर्वसाधारण रुग्णालयाखेरीज हिंदूंचे, मुसलमानांचे आणि पारशांचे अशी निरनिराळी प्लेग रुग्णालये उभी राहिली. मरणाच्या दारातही माणसाला आपल्या माणसांचा विश्वास हवा असतो, हे त्यातून दिसते. पण मग ज्याला कोणीच आपला म्हणत नाही, त्याने कुठे जावे?

त्याच साथीत हडपसरच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रोग्यांची शुश्रूषा करीत होते. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सोजीर रोग्याच्या दाराशी गेले, तशा सावित्रीबाईही गेल्या. दोघांत फरक एवढाच, की सोजिरांना रोग हलवायचा होता आणि सावित्रीबाईंना मूल जगवायचे होते.

आज ती जबरदस्ती उरलेली नाही, हे चांगलेच झाले. पण तिच्याबरोबर रोग्याकडे जाण्याची रीतही मागे पडली. आपण दार उघडे ठेवतो, पाटी लावतो आणि वाट पाहतो. मोठ्या उपचारांचा खर्च उचलणाऱ्या राज्य शासनाच्या योजनेला महात्मा फुल्यांचेच नाव आहे आणि तिने अनेक घरे कर्जापासून वाचवली आहेत. पण ती रोगी खाटेवर पोचल्यानंतर सुरू होते. अंगठा काढण्याला मावशींना पैसा पडला नाही. अंगठा वाचवण्यासाठी जे चार दिवस बुडवावे लागले असते, त्यांची भरपाई मात्र कुठेच नव्हती.

ही अडचण ओळखणारी माणसे याच शहरात झाली. डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभारली. ओझ्याखाली वाकलेल्या पाठीला मलमाइतकीच हक्काची गरज आहे, हे या डॉक्टरांनी जाणले. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. मजुरीखेरीज मालकाने ठरावीक रक्कम मंडळाकडे भरावी आणि तीतून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, रजा, वैद्यकीय मदत मिळावी, अशी ती व्यवस्था आहे. दया जाऊन तिथे देणे आले. पोप तेविसावे जॉन यांनीही १९६३ सालच्या आपल्या परिपत्रकात वैद्यकीय सेवा माणसाच्या हक्कांत गणली आहे.

पण मावशींना मालक कुठे आहे? त्यांना आहे ते गिऱ्हाईक, म्हणजे मी आणि तुम्ही. हमालाच्या आजारपणाचा वाटा मालकाने उचलणे न्याय्य असेल, तर भाजीवालीच्या आजारपणाचा वाटा कोणाकडे येतो, हे सांगायला धर्मपंडित नको. मावशींना दवाखान्याचा उपदेश केला त्याच सकाळी मी मेथीच्या जुडीमागे दोन रुपये कमी करून घेतले होते. ते दोन रुपये त्यांच्या विसाव्यातूनच कापले गेले, हे मला तेव्हा सुचलेही नाही. नुसत्या घासाघीस टाळण्याने हा प्रश्न सुटत नाही, हे मी जाणतो. संध्याकाळी चालणारा दवाखाना, बाजारात येऊन पाय तपासणारी परिचारिका ही कामे पालिकेची आहेत आणि ती मागणे आपले. पण ‘लोक येत नाहीत’ असे म्हणून हात झटकण्याचा अधिकार मात्र आपल्याला उरत नाही.

आता मावशी दर गुरुवारी ड्रेसिंगला जातात. शेजारच्या दोन गाळेवाल्या आळीपाळीने त्यांचा माल विकतात आणि गल्ल्याचे पैसे वेगळ्या डब्यात ठेवतात. मागच्या गुरुवारी मी गेलो, तेव्हा मावशींच्या जागी त्यांतली एक बसली होती. मी जुडी उचलली आणि भाव विचारला. “त्यांचा माल आहे, भाव कमी होणार नाही,” तिने आधीच बजावले. मी पूर्ण पैसे त्या डब्यात टाकले.