चौथीला किती सांगायचं?

वहिनी रायगड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवतात. मी हायस्कूलला नववी-दहावीचा इतिहास घेतो. आमच्यातला वाद जुना आहे आणि दर खेपेला तो माझ्याच तक्रारीने सुरू होतो.

"तुम्ही लोक चौथीत अफजलखानाचा प्रसंग असा काही रंगवता," मी म्हणालो, "की नववीत मी नुसतं विचारलं, हे आपल्याला कुणी सांगितलं, तर पोरं माझ्याकडे फितुरासारखी बघतात. भेट झाली नोव्हेंबर १६५९ मध्ये. सभासदाने बखर लिहिली जिंजीला, १६९० नंतर. मधे पस्तीसेक वर्षं गेली. एवढं म्हटलं तरी मागच्या बाकावरून आवाज येतो, सर, म्हणजे झालंच नाही का?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, झालं. पण कसं झालं हे प्रत्येक जण आपापल्या जागेवरून सांगतो. तेवढ्यात तास संपतो."

"मग तक्रार तासाची आहे. माझी कशाला?"

मी म्हणालो, तक्रार वयाची आहे. नवव्या वर्षी जे घट्ट बसतं ते चौदाव्या वर्षी हलत नाही. इतिहास कागदांवरून शोधून काढावा लागतो, कागद बदलला तर इतिहास बदलतो, हे पहिल्या दिवसापासून सांगायला हवं. शिवजयंतीचंच घ्या. गावात ती दोनदा होते, एकदा एकोणीस फेब्रुवारीला आणि एकदा तिथीने. त्याच्याही आधीचा घोळ वेगळा. बखरींवरून जन्म १६२७ चा धरत होते. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली उजेडात आणली, तिच्यात निघाला शके १५५१ चा फाल्गुन, म्हणजे १६३०. मग पन्नास वर्षं विद्वानांची भांडणं, १९६६ ला शासनाने समितीही नेमली. "हे पोरांना सांगा. नऊ वर्षांच्या पोराला दोन जयंत्या दिसतातच, कारण तेवढं सांगायचं राहतं."

"सांगते की," वहिनी म्हणाल्या. "दरवर्षी सांगते. एकाने विचारलं, बाई, मग आधीच्या लोकांनी चुकीच्या दिवशी हार घातला? म्हटलं, हार बरोबर घातला, दिवस चुकला. पोरं हसली, पुढे गेली. त्यांना शंकेचा त्रास होत नाही, भाऊजी. तुम्हाला वाटतं चौथीच्या डोक्यात दोन गोष्टी मावत नाहीत. चार मावतात. फक्त त्यातल्या एकीनेही वर्गात कुणाची मान खाली जाता कामा नये. तारखेने कुणाची मान खाली जात नाही."

इथे वाद नेहमीच्या वाटेवरून उतरला. खरं तर मला सभासदावरच थांबायचं होतं. तिथे माझी बाजू भक्कम आहे.

"मान कशाने खाली जाते?"

"महाडने."

त्यांच्या शाळेपासून महाड एसटीने तासाभरावर. मुलांनी चवदार तळं बघितलेलं असतं, काहींनी वीस मार्चची गर्दीही. तेव्हा हा विषय वहिनींना पुस्तकात शोधायला जावं लागत नाही, तो वर्गात चालत येतो. एका वर्षी त्यांनी सांगायला सुरुवात केली, की पूर्वी काही लोकांना या तळ्याचं पाणी पिऊ देत नसत. 'काही लोक' म्हणजे कोण, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. तरी दोन बाकांवरच्या मुलांनी वळून एका मुलीकडे बघितलं. मुलगी बौद्धवाडीतली. ती दप्तराच्या पट्ट्याचं बक्कल काढघाल करत बसली.

"तेवढंच झालं," वहिनी म्हणाल्या. "कुणी काही बोललं नाही. पण तिच्याविषयी त्या दिवशी वर्गाला जे कळलं ते माझ्या तोंडून कळलं."

"वळून बघितलं, म्हणजे आधीच ठाऊक होतं. घरून शिकून आली होती पोरं."

"घरून अर्धवट आली होती. शाळेने शिक्का मारला."

मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. बाबासाहेबांची लहानपणची गोष्ट, त्यांनी स्वतः लिहून ठेवलेली. साल १९०१. भावंडं साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली, मसूर स्टेशनावर उतरली, न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तरने आस्थेने विचारपूस केली आणि जात कळल्यावर चेहरा बदलला. गाडीवान नेईनात. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एक तयार झाला, तोही या अटीवर, की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. "ते पोर तुमच्या चौथीतल्याएवढंच होतं, वहिनी. नऊ-दहा वर्षांचं. ज्याला सोसायचं होतं त्याला कुणी विचारलं नाही, की बाळा, तुझं वय झालंय का. वयाचा विचार होतो तो फक्त ऐकणाऱ्याच्या."

हे वाक्य मला चांगलंच जमलं असं वाटलं. वहिनींनाही वाटलं असावं, कारण त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण त्या स्टेशनावर सगळा वर्ग जमवून, बघा रे याला गाडी मिळत नाही, असं कुणी दाखवत नव्हतं. तुम्हाला बाकीच्या सव्वीस जणांना शहाणं करायचंय. तिने तिथे बसून काय करायचं? तुमच्या धड्याचं चित्र व्हायचं?"

"म्हणजे न सांगणं हा उपाय?"

"न सांगणं असं कधी म्हटलं मी? पहिल्यांदा चुकीचं सांगितलं, आता वेगळं सांगते. पाणी मिळत नव्हतं इथून सुरुवातच करत नाही. हजारो माणसं चालत निघाली, तळ्यावर गेली, ओंजळीने पाणी प्यायली, इथून करते. प्रतापगडासारखी. आधी धाडस, मग कारण. त्या मुलीचे लोक गोष्टीत काहीतरी करणारे हवेत, नुसते सोसणारे नकोत."

"आणि अडवणारे?"

"अडवणारे येतात. पण त्यांच्या आधी सुरबानाना टिपणीस येतात. ते नगराध्यक्ष होते, तळं सगळ्यांना खुलं करण्याच्या बाजूचे होते."

"म्हणजे सवर्णांच्या पोरांना आधी सुटकेची वाट दाखवायची, मग दरवाजा लावायचा."

"हो," वहिनी म्हणाल्या. "नऊ वर्षांच्या पोराला गोष्टीत उभं राहायला जागा लागते. नाही दिली तर ते बापाच्या शेजारी जाऊन उभं राहतं."

मी वहीत टिपून ठेवावं असं हे वाक्य, पण त्या क्षणी मला ते पटवून घ्यायचं नव्हतं. मला संशय होता, की अशा गोष्टीत अन्याय होतो आणि करणारा मात्र कुणीच नसतो. प्रतापगडावर सय्यद बंडासुद्धा नावानिशी असतो. महाडला आलो की सगळे 'काही लोक'. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला. तळ्यावरून परतल्यावर जेवणाच्या मांडवावर हल्ला झाला, तो सांगता का? सांगते, म्हणाल्या. अफवा उठली, की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि लोक धावून आले. आणि नंतर तळं शुद्ध केलं, ते?

"ते नाही."

"१०८ घागरी? शेण, गोमूत्र, दूध, दही?"

"नाही सांगत."

"का? सगळ्या प्रकरणात पोरांच्या डोळ्यांसमोर उभी राहील अशी तीच तर गोष्ट. पाण्यात शेण कालवायचं आणि म्हणायचं, पाणी शुद्ध झालं! दहा पानांचं व्याख्यान त्यापुढे फिकं."

"पोरं हसतात. एकदा सांगून बघितलंय."

"हसू देत! त्याच्यावर हसायलाच हवं. ज्या पोराला त्या घागरींचं हसू आलं ते पुढे विटाळ मानणार नाही."

"आपण कशाला हसतो हे पोरांना कुठे माहीत असतं? शेण म्हटलं की हसतात. तळ्यातल्या शेणाला हसतात, गोठ्यातल्याही हसतात. त्या हसण्यात तुमचा विटाळ कुठेच नसतो. आणि सव्वीस पोरं हसताना एक हसत नसलं, तर ते मला ऐकू येतं."

"ते हसत नसलं तर विचारा त्याला."

"सगळ्यांसमोर? की मधल्या सुट्टीत बोलावून? दोन्हीत ते वेगळं पडतं."

यावर आम्ही बराच वेळ फिरत राहिलो. मी म्हणायचो, न सांगितल्याने ती घाण शुद्धीकरण करणाऱ्यांच्या हातांवरून धुतली जाते, त्यांची सोय होते. त्या म्हणायच्या, सांगितल्याने ती कुणाच्या अंगावर उडते ते बघा. मी म्हणायचो, आज ना उद्या तिला कळणारच. त्या म्हणायच्या, तिला कळलेलंच आहे, प्रश्न तिचा नाहीच, ते वर्गात मोठ्याने कुणी आणि कोणासमोर म्हणायचं एवढाच आहे. शेवटी मी वय वाढवून बघितलं. चौथीला नाही तर सहावीला? सहावीला नाही तर नववीला?

"नववीला तर तुम्हीच आहात. सांगता का घागरी?"

मी दहावीच्या पुस्तकाचा आधार घेतला. २०१८ पासून दहावीला इतिहासलेखनच आहे, पहिला धडाच पाश्चात्त्य परंपरेचा. व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, फुको. कागद कसा तपासायचा, एका घटनेकडे किती बाजूंनी बघता येतं, हे सगळं आहे त्यात. म्हणजे वय वाढलं की शंका शिकवायची, अशी सोय शासनाने केलेली आहे.

"आणि प्रश्न काय येतो त्याच्यावर?"

आता इथे खोटं बोलता येत नाही. त्यांच्या थोरल्याने दहावीला तेच पुस्तक घोकलेलं. आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, योग्य पर्याय निवडा.

"म्हणजे तुमच्याकडे शंकासुद्धा पाठ करून घेतात," वहिनी म्हणाल्या.

चाळीस गुणांचा पेपर आहे, त्यातही राज्यशास्त्राचा वाटा, टिपा आणि कारणे लिहायची असतात, मी एकट्याने काय करणार, असं बरंच काही मी म्हणालो. ते खरंही आहे. पण वादात ते कामाचं नव्हतं.

थोरला आता स्पर्धा परीक्षेच्या मागे आहे, दिवसभर अभ्यासिकेत. तो पाणी प्यायला आत आला तेव्हा मी त्याला विचारलं. त्याने उभ्या उभ्या सांगितलं : बोले ठराव १९२३, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४, सत्याग्रह २० मार्च १९२७, मनुस्मृती दहन २५ डिसेंबर १९२७, हायकोर्टाचा निकाल १९३७. एकही चुकला नाही. मी म्हटलं, दोन ठराव झालेले असताना तीन वर्षं कुणी पाणी का पिऊ शकलं नाही? तो म्हणाला, काका, असं विचारत नाहीत, जोड्या लावा येतं.

नऊ, चौदा, बावीस, तिन्ही वयं संपली. राहिली म्हातारी माणसं. आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी कागदपत्रांवर बोलायला उभा राहतो तेव्हा पहिल्या रांगेतले निवृत्त लोक मान डोलावतात आणि शेवटी येऊन सांगतात, छान, पण जरा जोशपूर्ण हवं होतं. त्यांना चौथीचंच पुस्तक पुन्हा हवं असतं. हे मी वहिनींना सांगितलं नाही. त्यांना आयताच दाखला मिळाला असता.

त्याऐवजी मी विचारलं, की एवढी काळजी घेता, तर चौदा एप्रिलला शाळेत भाषण कोण करतं?

हा प्रश्न मी सहज विचारला होता, पण तो वर्मी लागला. कारण वहिनींनी ते आधीच हेरलेलं होतं. आंबेडकर जयंतीचं भाषण वर्षानुवर्षं बौद्धवाडीतल्या मुलाला किंवा मुलीला. शिवजयंतीचं कधीच नाही. कुणी ठरवलेलं नव्हतं, तसंच चालत आलेलं. म्हणून गेल्या वर्षी जूनमध्येच त्यांनी सगळ्या जयंत्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. आंबेडकर जयंती निघाली दुसऱ्याच वाडीतल्या एका मुलाच्या नावे. त्या मुलीच्या नावे काहीच निघालं नाही.

"उत्तम," मी म्हणालो. "हेच तर मी म्हणतोय. बाबासाहेब सगळ्या वर्गाचे झाले."

"मार्चमध्ये तिची आई आली. म्हणाली, बाई, वर्षात एकदा आमच्या पोरीच्या हातात माइक येतो, तोही काढलात?"

मी काही बोललो नाही.

"दिलं तिला परत. दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई. मला वाटलं, आता काय ऐकायला लागतंय. ती म्हणाली, त्याने पाठ केलंय, रोज रात्री म्हणून दाखवतो, आता नाही कसं सांगू?"

"मग?"

"अर्धं अर्धं. 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग'पासून शाळा, शिक्षण, परदेश तिला. महाड त्याला."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. तिच्या तोंडून महाड मला नको होतं. आणि त्याच्या भाषणात घागरी होत्या. मी लिहून दिल्या नव्हत्या. बापाने मोबाइलवर कुठेतरी ऐकून घातल्या होत्या."

"बघा! नऊ वर्षांच्या पोराने सांगितलं की नाही? हसली पोरं?"

"हसली."

"आणि ती?"

"तिच्याकडे बघायला हवं होतं. मी पालकांकडे बघत होते."

"पालक काय करत होते?"

"तेही हसले. तिघेजण सोडून. आणि ते तिघं कोण असतील असं तुमच्या मनात आलंय ना, ते नव्हते."