बीभत्साचा आस्वाद आणि एक स्वीडिश ध्वनिमुद्रिका

ज्या कलाकृतीचा विषयच द्वेष, भय आणि मरण हा आहे, तिच्यापासून आनंद घेणे नैतिकदृष्ट्या कितपत उचित, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्राला नवा नाही. भरतमुनींनी आठ रसांत भयानक आणि बीभत्स यांना स्थान दिले, आणि दुःखद विषयापासून सुख कसे लाभते यावर पुढील आचार्यांनी शतकानुशतके वाद घातला. मात्र हा वाद आपण बहुधा सुरक्षित अंतरावरून वाचतो. भवभूतीच्या 'मालतीमाधवा'तील स्मशान वाचताना आपल्या नाकाला दुर्गंध येत नाही. घरातील तरुण मंडळींच्या आग्रहावरून आम्ही एक स्वीडिश ध्वनिमुद्रिका ऐकावयास घेतली, तेव्हा हे अंतर एकाएकी नाहीसे झाले.

ही मुद्रिका म्हणजे गोथेनबर्ग येथील 'ॲट द गेट्स' या पाच जणांच्या वाद्यवृंदाची १९९५ सालची 'स्लॉटर ऑफ द सोल'. नावाचा अर्थच आत्म्याचा संहार. या संगीतप्रकाराला 'मेलोडिक डेथ मेटल' म्हणतात. म्हणजे मृत्यूच्या नावाने चालणारे कर्कश संगीत, परंतु सुरावटीचे भान राखणारे. 'डेथ मेटल' हा मूळ प्रकार १९८०च्या दशकात प्रामुख्याने अमेरिकेतील फ्लोरिडात वाढला. गोथेनबर्गच्या तरुणांनी त्यात ब्रिटिश वाद्यवृंदांची जोडगिटारीची सुरेल पद्धत मिसळली. आम्हांस अपेक्षा होती ती केवळ गोंगाटाची.

प्रत्यक्षात ऐकू आली ती विलक्षण बांधीव रचना. अकरा रचना आणि अवघी सुमारे ३४ मिनिटे. कोठेही पाल्हाळ नाही. दोन गिटारी अनेकदा एकच चाल परस्परांपासून तिसऱ्या स्वराच्या अंतरावर वाजवितात. चालींतील कोमल गांधार आणि कोमल धैवत ऐकताना आपल्या आसावरी थाटाचे स्मरण व्हावे. मृदंगाच्या द्रुत परणींची सवय असलेल्या कानांस ढोलांचा वेग असह्य वाटू नये. पाचवी रचना, 'इन्टू द डेड स्काय', केवळ गिटारीवरची, शब्दविरहित आणि शांत आहे. तिच्या आधीच्या चार रचनांचा कोलाहल तिच्यामुळेच अर्थपूर्ण होतो. तिसऱ्या 'कोल्ड' या रचनेत अँडी लारॉक या पाहुण्या वादकाने वाजविलेला तुकडा तर निखळ करुण आहे. (उत्तरार्धातील एक-दोन रचना आम्हांस एकसुरी वाटल्या, हेही नमूद केले पाहिजे.)

या सर्वांवर गायकाचा आवाज, छे, आक्रोश. टोमस लिंडबर्ग गात नाही, ओरडतो. आणि चाल गिटारी गातात. बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' या ग्रंथात संवादलयीबरोबरच विरोधलय सांगितली आहे. तिचे इतके ढळढळीत उदाहरण आम्हांस अन्यत्र आढळले नाही. कंठ फाटतो आहे आणि त्याच क्षणी तारा रडत आहेत. दोहोंपैकी एक काढून टाका, दुसरे सामान्य होईल.

तथापि रचनेची शिस्त मान्य केली म्हणून नैतिक प्रश्न मिटत नाही. सहाव्या रचनेचे नाव 'सुइसाइड नेशन' आहे, आणि ती ऐकणारे बहुतांशी विशीच्या आतबाहेरचे असतात. याच काळात शेजारच्या नॉर्वेमध्ये, 'ब्लॅक मेटल' या निकटच्या संगीतप्रकाराशी निगडित तरुणांनी चर्चेस पेटविली. जून १९९२ मध्ये बर्गनजवळचे फान्टोफ्ट येथील पुरातन लाकडी चर्च जळून खाक झाले. तेव्हा 'हे केवळ संगीत आहे' असे म्हणून खांदे उडविता येत नाहीत.

आमच्या मते येथे अभिनवगुप्तांचा साधारणीकरणाचा विचार उपयोगी पडतो. क्रोध जोपर्यंत 'माझा' किंवा 'त्याचा' आहे, तोपर्यंत तो रौद्र रस नव्हे. तो केवळ क्रोध होय, आणि त्याच्या हाती काडेपेटी येऊ शकते. व्यक्तीपासून सुटलेला, लयीत बांधलेला क्रोध मात्र आस्वाद्य होतो. आग लावणाऱ्यांनी हे बंधन झुगारले. 'ॲट द गेट्स'च्या मुद्रिकेत ते क्षणोक्षणी जाणवते. इतक्या काटेकोर जोडवादनासाठी किती तालमी कराव्या लागल्या असतील, याचा अंदाज कोणत्याही वादकास येईल. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत, आणि तरुणांच्या वाद्यवृंदांना तालमीच्या खोल्या देणाऱ्या अभ्यासमंडळांना सरकारी अनुदान मिळते. आमची हयात शासकीय टिपणे लिहिण्यात गेली. 'मृत्युविषयक कर्कश संगीताच्या सरावार्थ खोली' या विषयाची नस्ती आमच्या टेबलावर आली असती, तर तिच्यावर कोणता शेरा पडला असता, हे वाचकांस सांगावयास नको. स्वीडिश अधिकाऱ्यांनी मुलांना विषय विचारला नाही, खोली दिली. हे आम्हांस त्या सुरावटींइतकेच लक्षणीय वाटते.

एक शंका मात्र उरते. साधारणीकरणास सहृदय लागतो, आणि मध्यरात्री कानांत यंत्र खुपसून एकटा बसलेला प्रत्येक मुलगा सहृदय असतोच असे नाही. विश्वनाथाने करुणादी रसांतही परम सुखच आहे असा निर्वाळा दिला. 'नाट्यदर्पण'कार रामचंद्र-गुणचंद्रांनी काही रस दुःखात्मकही असतात असे निक्षून सांगितले. या मुद्रिकेपुरते आम्ही जैन आचार्यांच्या बाजूचे. तिच्यातले दुःख सुखात विरघळत नाही, ते दुःखच राहते. म्हणून बंदी घालणाऱ्या वडीलधाऱ्यांशी आमचे जमत नाही, आणि 'चालायचेच' म्हणून दार लावून घेणाऱ्यांशीही नाही. ती ३४ मिनिटे त्या मुलाशेजारी बसून ऐकावीत आणि 'सुइसाइड नेशन'विषयी त्याला सरळ विचारावे. तो बोलतो की नाही, हे त्या मुद्रिकेच्या श्रेष्ठतेवर अवलंबून नाही.

लिंडबर्ग सप्टेंबर २०२५ मध्ये, वयाच्या ५२व्या वर्षी, कर्करोगाने निवर्तला. ही मुद्रिका प्रसिद्ध झाली तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. तिची अखेरची रचना, 'द फ्लेम्स ऑफ द एन्ड', शब्दविरहित आहे; तीत त्याचा आवाज नाही.