पेरणी वेदीजवळ, लावणी दारोदारी

सामान्य काळातील 15 वा रविवार, 12 जुलै
धर्मगुरूंचे मनोगत



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू ख्रिस्त आपल्याला पेरणाऱ्याचा दाखला सांगत आहेत आणि तोही अगदी आपल्या हंगामात. राबातली रोपे उपटायची, त्यांच्या जुड्या बांधायच्या आणि गुडघाभर चिखलात वाकून ती खाचरात लावायची, हे काम सध्या घरोघर चालू आहे. आठवडाभर पाठ मोडून आज मिस्साला आलेल्या माणसाला शेतीचा दाखला उलगडून सांगण्याची गरज नाही. तरीही एका फरकाकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते.

प्रभूंच्या देशातला शेतकरी गहू किंवा जव मुठीने फेकून पेरत असे. म्हणून काही दाणे वाटेवर, काही खडकाळ जागी, काही काट्यांत पडत. आपली भातशेती मात्र नुसत्या पेरणीवर भागत नाही. आपण आधी राबात पेरतो. रोप उगवते, हिरवेगार दिसते. पण ते तिथेच ठेवले तर दाटीत पिवळे पडते, दाणा भरत नाही. एकेक रोप हाताने उपटून दुसरीकडे लावावे लागते. पेरणी एक माणूस एका सकाळी उरकू शकतो. लावणीला मात्र शेजारपाजारचे हात लागतात.

धर्मग्रामाचे जीवन आम्हाला या भातशेतीसारखे वाटते. देवाच्या वचनाची पेरणी वेदीजवळून होते, पण त्याची लावणी दारोदारी व्हावी लागते. ती एकट्या धर्मगुरूला करता येत नाही. ही लावणी सुरू कुठून होते असे कोणी विचारले, तर आमचे उत्तर ऐकून काहींना हसू येईल. ती सुरू होते मिस्साच्या शेवटी वाचल्या जाणाऱ्या सूचनांपासून!

सूचनांची जागा

सूचना सुरू झाल्या की काय होते ते आपण सर्व जण पाहतो. कोणी छत्री शोधू लागतो, कोणी मोबाइल काढतो, मागच्या दारातले पडवीत सरकतात आणि बाहेर मोटारसायकली सुरू होतात. मिस्सा संपली, उरली ती किरकोळ माहिती, असे आपण मनाशी धरून चालतो.

पण ख्रिस्तसभेने सूचनांना दिलेली जागा पाहा. ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरची प्रार्थना झाली की सूचना येतात, आणि त्यानंतर आशीर्वाद देऊन आपल्याला पाठवले जाते. म्हणजे प्रभू नुकतेच आपल्या अंतरी आलेले आहेत आणि आपण जगात निघालो आहोत, या दोहोंच्या मध्ये त्या आहेत. ‘मिस्सा’ हा आपल्या ओठांवरचा शब्दच मुळी लॅटिनमधल्या पाठवणीच्या शब्दापासून आला आहे. पाठवले जायचे, पण कोणाकडे? कोणत्या घरी? कोणत्या कामासाठी? ते सूचना सांगतात.

संत पौलाची पत्रे वाचताना हेच दिसते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 15 व्या अध्यायात तो मेलेल्यांच्या पुनरुत्थानाबद्दल अत्यंत उंच विचार मांडतो. पुढचाच अध्याय उघडा. तो सुरू होतो वर्गणीपासून! यरुशलेममधील गरजू बांधवांसाठी प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, अशी ती सूचना आहे. रोमकरांस लिहिलेले पत्र म्हणजे ईशज्ञानाचा डोंगर. पण त्याचा शेवटचा अध्याय म्हणजे जवळजवळ नावांची यादीच आहे. फिबी नावाची भगिनी येत आहे, तिचे स्वागत करा, तिला लागेल ती मदत करा. प्रिस्का आणि अक्विला यांना सलाम सांगा, त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीलाही सांगा. पौलाला हे लिहिताना आपण उंचावरून खाली उतरलो असे वाटले नाही. पुनरुत्थानावर विश्वास असलेली माणसे एकमेकांना नावाने ओळखतात आणि एकमेकांसाठी पैसे बाजूला काढतात, इतके ते त्याला साहजिक वाटले.

इ. स. 155 च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन याने रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. वाचने झाली, प्रवचन झाले, प्रार्थना झाल्या, भाकर वाटली. मग तो सांगतो, की जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी ती पोहोचवली जाते. आणि जमा झालेले दान अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परगावचे पाहुणे यांच्यासाठी अध्यक्षाजवळ ठेवले जाते. जे हजर नव्हते त्यांची आठवण हा पहिल्यापासून रविवारच्या उपासनेचा भाग आहे.

लग्नाच्या घोषणांचेच घ्या. 1215 साली चौथ्या लॅटरन परिषदेने ठरवून दिले, की लग्नाआधी देवळात जाहीर घोषणा व्हावी, म्हणजे काही अडथळा असल्यास तो कोणालाही सांगता येईल. लग्न हा दोन घराण्यांपुरता मामला नाही, सबंध मंडळीला त्याची जबाबदारी आहे, हा त्यामागचा विचार. मंडळी ऐकतच नसेल तर घोषणा करून उपयोग काय?

चार प्रकारचे ऐकणे

संत थॉमस अक्विनास याच्या लिखाणात एक तत्त्व वारंवार येते: जे काही घेतले जाते ते घेणाऱ्याच्या रीतीप्रमाणे घेतले जाते. तांब्यात पाणी तांब्याच्या आकाराचे होते, परातीत परातीच्या. दाखल्यातही बी एकच आहे, पेरणारा एकच आहे. फरक जमिनीत आहे. त्या चार जमिनी आपल्या देवळातच शोधून पाहू या.

पहिली वाट. सूचना कानावर पडते, पण ‘सर्वांनी यावे’ हे शब्द ऐकताच माणूस समजतो, की हे इतरांसाठी आहे. ती आत जातच नाही. देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत पाखरांनी ती टिपलेली असते.

दुसरी खडकाळ जमीन. इथे उत्साह लगेच उगवतो. सणाच्या कामाला नावे विचारली की पहिला हात यांचा. ग्रुपवर निरोप टाकला की पहिला अंगठाही यांचाच. पण खुर्च्या उचलायच्या वेळी, भांडी घासायच्या वेळी ऊन लागते आणि रोप सुकते. मूळ धरायला माती खोल लागते.

तिसरी काटेरी जमीन. इथे आम्हाला जरा जपून बोलले पाहिजे. कारण प्रभूंनी संसाराची चिंता असे जे म्हटले, ती चिंता बहुतेक वेळा खोटी नसते. आपली तरुण मुले अलिबागला, मुंबईला नोकरीला आहेत. ज्यांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या किंवा खानावळ सुरू केली, त्यांना शनिवार-रविवारीच धंदा असतो. पर्यटक सोमवारी येत नाहीत. मुलांची फी भरायची आहे, कर्जाचा हप्ता आहे. हे पाप नव्हे. पण काट्यांचा स्वभावच असा, की ते रोपाला उपटत नाहीत, फक्त त्याचा उजेड अडवतात. रविवार गेला, मग दुसरा गेला, आणि एके दिवशी माणसाच्या ध्यानात येते, की आपल्या आळीत कोण आजारी आहे हेही आपल्याला ठाऊक नाही.

8 मे 2025 रोजी रात्री पोप लिओ चौदावे यांची निवड झाल्याची वार्ता रोमहून आपल्या मोबाइलवर येऊन पोहोचायला काही मिनिटेच लागली. आपल्याला आनंद झाला, आणि व्हायलाच हवा होता. पण काही दिवसांपूर्वी एका घरी गेलो असता अंथरुणावरच्या आजींनी विचारले, “फादर, पहिला शुक्रवार होऊन गेला काय? कोणी सांगितलाच नाही.” आजारी माणसांच्या घरी ख्रिस्तशरीर नेण्यासाठी नावे द्यावीत, ही सूचना देवळात वाचली गेली होती. त्या आजींच्या शेजारच्या दोन घरांतली माणसे त्या दिवशी मिस्साला होती. पेरणी झाली होती. लावणी झाली नव्हती. रोमपासून आपल्या गावापर्यंत आलेली बातमी पुढच्या उंबरठ्यापर्यंत वीस पावले चालत नाही, हे आपण मनाला लावून घेतले पाहिजे.

चौथी चांगली जमीन. ती जन्मजात चांगली असते असे कोणी समजू नये. खाडीकाठी राहणाऱ्यांना हे सांगायला नको. बांध घातला, दरवर्षी त्याची डागडुजी केली, म्हणून खारी जमीन भाताची झाली. एका उधाणात बांध फुटला तर खारे पाणी कोणाचे शेत कोणते हे विचारत नाही. चांगली जमीन ही सर्वांनी मिळून राखायची असते.

ज्यांनी निरोप पोहोचवला

आपल्या कोर्लईच्या इतिहासाकडे पाहिले तरी हेच दिसते. समोर रेवदंडा आणि चौल. 1740 साली तिथली पोर्तुगीज सत्ता संपली आणि मुलूख मराठ्यांकडे गेला. सत्ताधारी निघून गेले. मागे राहिली ती कष्ट करणारी ख्रिस्ती कुटुंबे. त्यांच्या पाठीशी राजा नव्हता, तोफा नव्हत्या. तरी पावणेतीनशेहून अधिक वर्षे श्रद्धा टिकली आणि तिच्याबरोबर आपली बोलीही टिकली, जिला आपण ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा म्हणतो. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकेतील अभ्यासकाने तिच्यावर 1996 साली पुस्तक प्रसिद्ध केले. जगातले विद्वान जिच्यासाठी इथवर येतात, ती बोली शाळेत कधी शिकवली गेली नाही. आईने मुलाला सांगितले, मुलाने आपल्या मुलाला. ही लावणीच होती, हाताहाताने केलेली.

1960 च्या दशकात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, आपल्या देवळात मराठी आली आणि वचन सर्वांना समजू लागले. आता सूचना मराठीत वाचली जाते. पण घरी आजीला ती सांगायची असते नौ लिंगमध्ये. नातवाने ती तशी सांगितली तर एका वेळी दोन रोपे लागतात: आजीला निरोप कळतो आणि नातवाच्या तोंडी बोली राहते. नाही सांगितली तर दोन्ही सुकतात. बोली बोलणारे हजाराच्या आतबाहेर उरले असताना याला किरकोळ बाब म्हणता येणार नाही.

या दिवसांतील लावणी

म्हणून पुढील सूचना नेहमीप्रमाणे वाचून बाजूला ठेवू नयेत. प्रत्येकीसोबत एक दार लक्षात ठेवावे.

कार्मेल मातेचा सण: आपल्या धर्मग्रामाची पालनकर्ती कार्मेल माता हिचे स्मरण ख्रिस्तसभा येत्या गुरुवारी, 16 जुलै रोजी करते. नोव्हेना 7 जुलैपासून चालू आहे, ती बुधवारी पूर्ण होईल. कार्मेल डोंगरावर एलिया संदेष्ट्याने पावसासाठी प्रार्थना केली तेव्हा समुद्रावर आधी तळहाताएवढा ढग दिसला, हे आपल्यासारख्या समुद्रकाठच्या माणसांनी ध्यानात ठेवावे. देवाची मोठी कृपा अनेकदा छोट्या खुणेने सुरू होते. ज्या घरची माणसे लावणीमुळे नोव्हेनाला येऊ शकली नाहीत, त्यांच्या ओटीवर उरलेल्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी जमून जपमाळ म्हणावी.

आजी-आजोबांचा दिवस: पोप फ्रान्सिस यांनी 2021 साली सुरू केलेला आजी-आजोबा व वृद्धजनांचा जागतिक दिवस जुलैच्या चौथ्या रविवारी असतो. यंदा तो 26 जुलैला, म्हणजे पवित्र मारियेचे आईवडील संत योआकिम व संत अन्ना यांच्या दिवशीच येत आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातील प्रत्येक मुलाने त्याआधी आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या वृद्धांकडून नौ लिंगमधील एक प्रार्थना ऐकून पाठ करावी. ज्यांना चालता येते त्यांना त्या दिवशी हाताला धरून देवळात आणावे. पायऱ्या निसरड्या आहेत, छत्री मुलांनी धरावी.

आजाऱ्यांसाठी ख्रिस्तशरीर: पुढचा पहिला शुक्रवार 7 ऑगस्टला आहे. नाव घरच्यांनीच द्यावे असे नाही. शेजाऱ्यानेही दिलेले चालेल. खरे तर शेजाऱ्यानेच द्यावे.

गरजूंसाठी पेटी: पावसाचे हे महिने मजुरीवर जगणाऱ्यांना कठीण जातात. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांबरोबर गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली, त्यातून संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था उभी राहिली. नुसते पैसे न पाठवता स्वतः घरी जायचे, हा त्यांचा नेम होता. पेटीत टाकावे, आणि कोणाची चूल अडली आहे हे कळले तर तेही आम्हाला एकांतात येऊन सांगावे. नावे वाचली जाणार नाहीत.

सविस्तर वेळापत्रक फलकावर लावले आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावे.

बंधुभगिनींनो, आजच्या पहिल्या वाचनात यशया संदेष्टा सांगतो, की आकाशातून पडलेला पाऊस जसा जमीन भिजवल्यावाचून परत जात नाही, तसे देवाचे वचनही आपले काम केल्यावाचून परतत नाही. हे देवाचे वचन आहे, त्याची आपल्याला काळजी नको. पाऊस पडतोच आहे. आपल्या वाट्याला आलेले काम एवढेच, की वाकायचे आणि हातातली जुडी संपेपर्यंत एकेक रोप लावत जायचे. शंभरपट, साठपट, तीसपट हा हिशोब पिकाच्या धन्याचा आहे.

हे प्रभो, आमचे कान उघड आणि आमचे पाय शेजाऱ्याच्या दाराकडे वळव. कार्मेल मातेच्या मध्यस्थीने आमच्या शेतांना, आमच्या घरांना आणि दूरगावी राबणाऱ्या आमच्या लेकरांना आशीर्वाद दे. आमेन.

ख्रिस्ताठायी आपले,
धर्मगुरू